पुढच्या चाकाचं सील

टेमघर, भिवंडी
१० फेब्रुवारी १९९१

प्रिय हिरामण,

सप्रेम जयभीम. पाकीट उघडलंस हेच पुष्कळ झालं. घरच्या पत्त्यावर टाकलेल्या पत्रांना कमळाचं उत्तर येतं, तुझं नाही. 'ते ड्युटीवर असतात, वेळ होत नाही,' असं बिचारी दर वेळी लिहिते. म्हणून हे पत्र मुद्दाम तुझ्या वर्कशॉपच्या पत्त्यावर टाकते आहे, म्हणजे तू ड्युटीवरच सापडशील. फाडायचं असेल तर शेवटपर्यंत वाचून फाड. कडू औषध अर्धं पिऊन अर्धं अंथरुणाखाली ओतायची तुझी सवय मला माहीत आहे. तेव्हा मी नाक दाबून पाजत होते. आता नाशिकला नाक दाबायला येणार कोण?

तुझे दाजी बरे आहेत. बरे म्हणजे कमरेच्या वर बरे आहेत. खाली काही नाही, हे तुला माहीतच आहे. पाठीची जखम थंडीत भरत आली होती, तर तिच्या शेजारी दुसरी उघडली. सकाळी शाळेत जायच्या आधी मी त्यांना या कुशीवरून त्या कुशीवर करते, दुपारी मंदा करते. तिच्या वयाच्या मुली हातावर मेंदी काढायला शिकतात, आमची मंदा जखमेत पट्टी भरायला शिकली. नाक मुरडत नाही, पण जेवायला बसली की दोन घासांत उठते. उचलायचं असेल तेव्हा शेजारचे केसरीनाथ धावून येतात. तेच, टेम्पोवाले, राहनाळच्या गोदामांचा माल नेतात ते. दिवसभर लोकांचे गठ्ठे उचलून आलेला माणूस संध्याकाळी माझा माणूस उचलतो आणि वर 'वैनी, यांचं काय वजनच न्हाय राहिला' म्हणतो. चांगल्या मनाने म्हणतो. मला मात्र ते ऐकवत नाही.

खाट रस्त्याच्या बाजूच्या खिडकीशी लावली आहे. रस्त्यावरून मोटारसायकल गेली की दाजी नुसत्या आवाजावरून सांगतात, याची चेन सैल आहे, हा क्लच दाबूनच चालवतो. आणि आपल्या त्या गाडीसारखी गाडी गेली की काहीच बोलत नाहीत. ती लांब जाईपर्यंत मंदासुद्धा गप्प बसते. आमच्या घरात हा एक नियमच झाला आहे, कुणी न केलेला.

आठवतं का तुला, शोरूममध्ये तू लागलास तो दिवस? कल्याण नाक्यावरचं ते काचेचं दुकान. त्याच्यासमोरून जाताना आपण चपला झटकून जायचो, जसं काही आत जाणार आहोत. तुला निळा युनिफॉर्म मिळाला, खिशावर लाल दोऱ्याने तुझं नाव. आईने तो शर्ट धुवायचाच नाही असं ठरवलं, कारण दोरा विटेल. मग मीच तिला समजावलं की मेकॅनिकचा शर्ट न धुता दोरा राहील पण नोकरी जाईल. आई वारली त्या वर्षीसुद्धा आल्यागेल्याला सांगायची, 'माझा हिरामण कंपनीत हाय.' कंपनी कसली, डीलरचं दुकान. पण तिच्या लेखी खिशावर नाव म्हणजे कंपनीच. आणि खरं सांगू, आपल्या सगळ्यांच्याच लेखी.

दाजींना मोटारसायकल हवी होती ती मिरवायला नव्हे. वीज मंडळाचा मीटर तपासणारा माणूस, पडघ्याच्या आसपासची सगळी गावं त्यांच्याकडे. एसटी एका गावात सोडायची आणि पुढचं गाव पायाने. नंबर लावून वाट बघितली, आणि नंबर आला तेव्हा तूच शोरूममधून धावत शाळेत आलास. मी पाढे घेत होते. वर्ग तसाच सोडायला लावून तू मला बाहेर ओढलंस आणि म्हणालास, 'ताई, गाडी आली. लाल हाय. मी स्वतः फिट केली.' हेडबाईंनी दारातून डोळे वटारले, तर त्यांनाही तू नमस्कार करून तेच सांगितलंस. किती हसलो होतो आपण त्या दिवशी.

गाडी आणायला गेलो तेव्हा शोरूमच्या माणसाने हँडलला लिंबू-मिरची बांधली होती. दाजींनी ती सोडली, नीट कागदात गुंडाळून त्याच्या हातात परत दिली आणि म्हणाले, 'कंपनीची वॉरंटी असताना लिंबाची कशाला?' सगळे हसले. मलाही तेव्हा माझ्या नवऱ्याचा अभिमान वाटला. आपल्या घरात अंगारेधुपारे नाहीत, नवस नाहीत. बुद्धासमोर मेणबत्ती लावायची ती मनाला उजेड म्हणून, मागणं म्हणून नाही. आता रिकाम्या वेळी मला वाटतं, माणसाला कुठेतरी डोकं टेकवल्याशिवाय राहवत नसावं. आपण देवासमोर टेकवलं नाही, तर शोरूमच्या काउंटरवर टेकवलं.

तुझ्या फोरमनने तेव्हा गाडीभोवती फिरवून एकेक नट दाखवला होता. प्रत्येक नटावर पिवळ्या रंगाचा ठिपका, अर्धा नटावर, अर्धा लोखंडावर. 'ये कंपनी का सील है. बाहर का हाथ लगा तो ये टूटेगा, और वॉरंटी खतम.' दुसऱ्या कुणी हे कानाआड केलं असतं. पण ऐकणारा माणूस कोण होता? भिवंडीत लूमवाल्यांच्या मीटरची सीलं तपासत ज्याचे केस पिकले तो. किती जणांनी मिठाईचे खोके आणून दिले आणि किती जणांचे खोके मी दारातून परत पाठवले, तुला ठाऊक आहे. एकदा तर तूच म्हणालास, 'दाजी, मिठाई तरी ठेवा, मीटर नका ठेवू.' त्यावर त्यांनी तुला ते वाक्य ऐकवलं, जे आम्ही घरात रोज ऐकत होतो. सील शाबूत तर माणूस शाबूत. फोरमनचं बोलणं ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो आमच्या लग्नातही नव्हता.

मग काय, गाडीला दुसरा कुणी हात लावायची सोय राहिली नाही. नाक्यावरच्या रामूच्या गॅरेजसमोरून जाताना ते गाडी पलीकडच्या कडेने न्यायचे. केसरीनाथांनी एकदा चेनला तेल घालतो म्हटलं, तर म्हणाले, 'नको, शोरूममध्ये घालतील.' फ्री सर्व्हिसच्या दिवशी रजा काढून तिथल्या बाकावर बसायचे, डबा घेऊन. मी चिडवायची, की माहेरी निघालात की काय. संध्याकाळी गाडी चकाचक होऊन यायची. मला त्यातलं काही कळत नाही, पण म्हैस धुतली म्हणून दूध वाढत नाही, एवढं कळतं. तसं म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. 'अगं, आपला माणूस आत आहे.' हिरामण, खरी वॉरंटी ती होती. कंपनीच्या कागदावर त्यांनी विश्वास ठेवला असेलही, पण रात्री निर्धास्त झोपायचे ते तुझ्या भरवशावर.

पुढचा ब्रेक पहिल्यापासूनच धरत होता. दाबला की लागायचा, पण सोडला तरी सुटायचा नाही. गाडी कुणीतरी पुढून धरून ठेवल्यासारखी अडायची आणि मग एकदम मोकळी व्हायची. मी मागे बसलेली असताना दोनदा माझं कपाळ त्यांच्या पाठीवर आपटलं. प्रत्येक सर्व्हिसला त्यांनी ते सांगितलं. फोरमन म्हणायचा, 'नई गाडी है साब, चलने दो, लायनर बैठेगा तो अपने आप छूटेगा.' पुढच्या वेळी म्हणाला, क्लेम पाठवला आहे, पार्ट येईल. त्याच्या पुढच्या वेळी म्हणाला, ब्रेकचे लायनर वॉरंटीत येत नाहीत. आणि तू मागे उभा राहून डोळ्यांनी खुणावायचास, होईल दाजी. ते घरी येऊन मला तेच सांगायचे, फोरमनचं नाही, तुझं. 'हिरामण म्हणाला, होईल.'

त्या रविवारचं मला सगळं आठवतं. तू आलास म्हणून मी सुक्या बोंबलांचं कालवण केलं होतं, तांदळाच्या भाकरी. जेवता जेवता तूच विषय काढलास. 'दाजी, खोटं न्हाय सांगत, त्या लॉटच्या आणखी गाड्यांना हाच प्रॉब्लेम हाय. ब्रेक फिरवणारी दांडी आत जाम होते. पण शेठ म्हणतो, लिहायचं न्हाय, लिहिलं तर कंपनी आपल्यालाच विचारते.' दाजींचा घास हातात राहिला. म्हणाले, मग करायचं काय? तू म्हणालास, 'मी आज उघडतो. पार्ट येईपर्यंत चालेल.' ते म्हणाले, सील? त्यावर तू हसलास, आठवतं? 'दाजी, सील बाहेरच्यासाठी असतंय. मी काय बाहेरचा हाय?'

आणि त्यांनी मान डोलावली. जन्मात ज्याने दुसऱ्याच्या मीटरचं सील तुटलेलं खपवून घेतलं नाही, त्याने स्वतःच्या गाडीचं सील अंगणात, सगळ्यांच्या देखत तोडू दिलं, कारण तोडणाऱ्याच्या खिशावर कंपनीने नाव शिवलं होतं. त्या दिवशी तुझ्या अंगात तो शर्ट नव्हता, सुट्टीचा बनियन होता. पण त्यांना तो शर्ट दिसत होता. ते बाजूला उकिडवे बसून तुला पाने देत होते. तू चाक काढलंस, आतली धूळ फुंकलीस, पॉलिश पेपरने घासलंस, ती दांडी मोठ्या कष्टाने बाहेर काढून तिला ग्रीस लावलंस. चाक बसवून हाताने फिरवलंस तर किती वेळ फिरत राहिलं. मंदाने टाळ्या वाजवल्या. हात धुताना मात्र तू मला आणि त्यांना जवळ बोलावून हळूच म्हणालास, 'मी घरी उघडलंय हे कुठे बोलू नका. फोरमनला कळलं तर नोकरी जाईल.' दाजींनी तुझ्या ओल्या हातात हात देऊन शब्द दिला. मी फक्त टॉवेल दिला, पण माझाही शब्द त्यात आला असं धर.

पुढचं तुला सांगायला नको, पण मी सांगणार आहे. तू ते त्यांच्या तोंडून कधी ऐकलंच नाहीस. तू दवाखान्यात आलास तेव्हा ते शुद्धीत नव्हते आणि शुद्धीत आले तेव्हा तू नव्हतास. पडघ्याच्या अलीकडे हायवेला त्यांच्या पुढची एसटी थांब्यावर थांबली. काही घाईगर्दीचं नव्हतं, दिवसाढवळ्याची वेळ. त्यांनी ब्रेक दाबला, गाडी हळू झाली, एसटीच्या बाजूने पुढे जायला म्हणून ब्रेक सोडून रेस दिली. ब्रेक सुटला नाही. सुटला नाही तो नाहीच, उलट आणखी आवळला. पुढचं चाक जागच्या जागी खिळलं आणि ते हँडलवरून कडेच्या मैलाच्या दगडावर पाठीवर पडले. मागून येणारा ट्रक अंगावरून गेला नाही, म्हणून सगळे म्हणाले, नशीब. मीही तेव्हा म्हणाले, नशीब. दगडावर पडघ्याचंच नाव होतं, असं नंतर केसरीनाथ म्हणाले. मी ते अजून बघितलेलं नाही आणि बघणारही नाही.

शोरूमची माणसं आधी गाडी बघायला आली. माणसाला बघायला नंतर येतील असं मला वाटत होतं. पोलीस चौकीच्या मागे गाडी पडलेली होती. मी दवाखान्यातून सही करायला म्हणून तिथे गेले होते, तुझा फोरमन उकिडवा बसून पुढच्या चाकाच्या नटाकडे बोट दाखवत होता. 'देखो, सील टूटा है. बाहर खुला है.' आणि तू त्याच्या मागे उभा होतास. निळ्या शर्टात. तू खाली बघत होतास आणि मी तुझ्याकडे बघत होते. मला वाटलं, आता बोलेल. आता बोलेल. तू रुमाल काढून हात पुसलेस, हाताला काही लागलेलं नसताना, आणि जीपमध्ये जाऊन बसलास. पुढे महिन्याभरात कळलं की तू नाशिकच्या नव्या वर्कशॉपचा सुपरवायझर झालास. तेव्हा आईची आठवण आली. ती असती तर तिने पेढे वाटले असते.

मला राग आहे, हिरामण. लपवून काय करू? पण ऐक, तू उघडलंस म्हणून बिघडलं, असं मी कधी म्हटलं नाही. ब्रेक तू उघडायच्या आधीपासून धरत होता आणि तू उघडल्यावरही धरला. तुझ्या ग्रीसने झालं की ग्रीस असूनही झालं, हे मला कळत नाही. कुणाला कळणार? तू जीव लावून केलंस, एवढं मी बघितलं आहे. माझा राग त्या रविवारचा नाहीच. माझा राग जीपमध्ये चढलेल्या पायाचा आहे. त्या पायावर मी चिंचेचा पाला वाटून बांधलेला आहे, सातवीत तुला तारेचं कुंपण लागलं होतं तेव्हा.

आता इथलं ऐक. लोक काय बोलतात ते तुझ्यापर्यंत पोचलं नसेल. ज्यांचे मीटर दाजींनी उतरवले होते त्यांना आयताच खाऊ मिळाला. चहाच्या टपरीवर एक लूमवाला केसरीनाथांच्या समोर म्हणाला, 'दूसरों का सील चेक करता था, अपना ही तोड के बैठा.' केसरीनाथांनी त्याची गचांडी धरली, पण वाक्य काही परत गेलं नाही. वीज मंडळातले दोघे भेटायला आले, बिस्किटं आणली, आणि जाताना एक जण हसत हसत म्हणाला, 'काय चांगदेवराव, तुम्हीसुद्धा रामूकडे उघडली वाटतं?' त्या दिवसापासून ते मंडळाच्या कुणाला घरात घ्यायला तयार नाहीत. पाय गेले त्याचं दुःख त्यांनी मला कधी दाखवलं नाही. हे मात्र त्यांना आतून खातं आहे. दुसऱ्यांची सीलं खोटी ठरवणाऱ्या माणसाचा शब्द आज गावभर खोटा ठरला आहे.

म्हणूनच ते ठाण्याच्या ग्राहक मंचात गेले. मी नको म्हणत होते. जखमा धुवायला वेळ पुरत नाही, त्यात तारखा कुठे सांभाळू? पण ते म्हणाले, 'कला, मला त्यांच्याकडून काही नको. मंचाने एवढंच लिहून द्यावं की चांगदेवने बाहेर गाडी उघडली नाही.' आमच्या हेडबाईंच्या ओळखीने सरोजिनीबाई वकील मिळाल्या, भली बाई आहे. घरी येऊन खाटेजवळ बसून तिने विचारलं, शोरूमचं म्हणणं गाडी बाहेर उघडली, तर खरंच कुणी उघडली होती का? मी दारात उभी होते. माझ्या ओठावर तुझं नाव आलं होतं. दाजींनी माझ्याकडे बघितलं आणि बाईंना सांगितलं, 'बाहेरच्या कुणीही हात लावला नाही.' बाईंनी पुन्हा विचारलं, तर पुन्हा तेच. त्यांच्या दृष्टीने ते खोटं नाही. त्यांच्यासाठी तू बाहेरचा नव्हतास आणि अजूनही नाहीस.

बाई गेल्यावर मी भांडले. आयुष्यात पहिल्यांदा अंथरुणावरच्या माणसाशी आवाज चढवून भांडले. म्हटलं, एका वाक्याचं काम आहे. हिरामणने उघडली, त्यांच्याच माणसाने उघडली, तो लॉटच तसा होता हे त्यानेच सांगितलं. एवढं बोला, तुमच्यावरचा डाग जाईल. ते म्हणाले, 'आणि त्याची नोकरी? कमळाला दिवस गेले आहेत म्हणतेस ना?' मी म्हटलं, त्याने तुमचा विचार केला का? त्यावर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. कमरेखालून वळता येत नाही, तर नुसती मान वळवली. तसंच भिंतीकडे बघत म्हणाले, 'वेळ आली की तो स्वतः सांगेल. आपला माणूस आहे.' मीसुद्धा तुला अंगाखांद्यावर खेळवलेलं आहे. मलाही ते खरंच व्हायला हवं होतं.

आता हे पत्र का, ते सांगते. मागच्या तारखेला मंचाच्या जिन्यात सरोजिनीबाईंनी मला थांबवलं. पुढच्या बुधवारी शोरूमच्या बाजूने साक्षीदार येणार आहे, गाडी बाहेर उघडली होती असं शपथेवर सांगायला. नाशिकचा सुपरवायझर, हिरामण नावाचा. 'ओळखता का?' मी म्हटलं, ओळखते, पाठचा भाऊ आहे. कुणी उघडली हे तुला तिथे विचारू का, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, यांनी त्याला शब्द दिला आहे, तो मी मोडणार नाही, तुम्ही काही विचारू नका. घरी आले तर तोंडून अर्धंच निघालं. हिरामण बुधवारी साक्षीला येणार आहे, एवढंच सांगितलं. कुणाच्या बाजूने, ते सांगायला माझी जीभ उचलली नाही, कारण ऐकता ऐकताच ते हसले. दवाखान्यातून आल्यापासून ते हसणं मी बघितलं नव्हतं. 'बघ, मी म्हणत नव्हतो?' तेव्हापासून घरात सण आहे. पांढरा शर्ट काढून मंदाकडून इस्त्री करून घेतला. केसरीनाथांना सांगून ठेवलं, टेम्पोत गादी टाका, मी ठाण्याला येणार. जखम उघडेल असं डॉक्टर म्हणाले, तर त्यांना म्हणाले, उघडू दे. बुधवारी तू त्या खोलीत येशील तेव्हा ते दाराशीच खुर्चीत बसलेले असतील आणि तुला बघून हात वर करतील. तू तोंड उघडेपर्यंत ते तुला आपल्या बाजूचाच समजत राहतील. त्यानंतर काय बोलायचं ते तुझं तू ठरव. मी तुला काही शिकवत नाही आणि काही मागतही नाही. फक्त बोलताना माझ्याकडे बघू नकोस, त्यांच्याकडे बघ. आणि एक. नाशिकहून पहाटे निघालेला माणूस उपाशी येईल, म्हणून त्यांनी मला तुझ्यासाठी बोंबलांचं कालवण आणि भाकरी न्यायला सांगितलं आहे. डबा माझ्या पिशवीत असेल. साक्ष कशीही दे, डबा घेऊन जा. तो त्यांनी पाठवलेला आहे.

तुझीच,
जिच्या कडेवर तू मोठा झालास ती
कलाताई